छत्तीस पूर्णांक सहा

कारखान्यात तिला सगळे ‘बघूनबाई’ म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचा राग येत नसे. कुणी विचारलं, “साहेब आलेत का?” तर ती उठणार, दारापर्यंत जाणार, साहेबांची खुर्ची बघणार, परत येऊन बसणार आणि मग सांगणार, “आलेत.” दहा मिनिटांनी दुसऱ्याने तेच विचारलं, तर पुन्हा उठणार.

“अहो, आत्ताच तर बघून आलात!” जुळणी विभागातले मास्तर ओरडत. “साहेब काय वाफ होऊन उडाले?”

“दहा मिनिटांपूर्वीचं सांगू, का आत्ताचं?” हे तिचं ठरलेलं उत्तर.

हा तिचा नेम होता. रोज सकाळी अंघोळ झाली की ती हात जोडून उभी राहायची आणि एवढंच म्हणायची: आज न पाहता काही सांगणार नाही. लग्नाआधीची गोष्ट. एका दुपारी धाकट्या भावाचा फोन आला, बाबा कसे आहेत? ती पुस्तक वाचत होती. सकाळी तिने बाबांना चहा दिला होता, तेव्हा ते बरे होते. “बरे आहेत, झोपलेत,” तिने पानावरची नजर न काढता सांगितलं. आतल्या खोलीत बाबा पलंगावरून पडून फरशीवर आडवे होते. दोन तास. त्यातून ते उठले, पुढे सहा वर्षं जगले, आणि त्या प्रसंगाची थट्टाही करायचे: “माझी लेक मला बघितल्याशिवाय बरं करते.” ते हसायचे. ती हसत नसे. तेव्हापासून हा नेम, आणि तो एक दिवसही मोडला नाही, अशी तिची समजूत होती.

कारखाना छोटाच. नवजात बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या तिथे बनत. अपुऱ्या दिवसांचं बाळ त्या काचेच्या पेटीत ठेवायचं, पोटावर बटणाएवढी चकती चिकटवायची, पेटी बाळाचं तापमान मोजते आणि हवी तेवढी ऊब देते. मास्तर आणि त्यांची माणसं पेटी जोडत, आणि पेटीच्या आतलं सॉफ्टवेअर बघूनबाई लिहीत. पडद्यावर आकडा कुठून यावा, धोक्याचा भोंगा कधी वाजावा, हे सगळं तिच्या हातचं. अशा एकशे चाळीस पेट्या ठिकठिकाणच्या वॉर्डांत चालू होत्या.

सोमवारी सकाळी तिच्या टेबलावरचा फोन वाजला.

“त्या अहवालाखाली ज्यांची सही आहे, त्या मॅडम का?” पलीकडे एक जाडसर, दमलेला आवाज. “मी बालविभागातली सिस्टर. तुम्ही लिहिलंय ना, यंत्रात दोष नाही म्हणून?”

“हो, मीच.”

“तुम्ही इथे आला होता?”

“नाही. पेटीतली नोंद मागवली होती.”

“मग मॅडम, न बघता कसं लिहिलंत?”

बघूनबाईला कुणीतरी खाडकन तोंडात मारावी तसं झालं.

प्रकरण असं होतं. तीन आठवड्यांपूर्वी एका दुपारी त्या वॉर्डातल्या पेटीच्या हीटरची पिन सैल झाली आणि बाळ गार पडत गेलं. सिस्टरने दर पाच मिनिटांनी कागदावर आकडा टिपला होता: छत्तीस पूर्णांक सहा, छत्तीस पूर्णांक सहा, असं आठ वेळा. चाळीस मिनिटांनी तिने दुपटं सारखं करायला हात घातला, तर बाळाचे तळवे बर्फासारखे. हाताच्या थर्मामीटरने बघितलं तर पस्तीस पूर्णांक दोन. तिने बाळाला छातीशी धरलं, धावपळ केली, बाळ वाचलं, आता घरीही गेलं होतं. पण चौकशी लागली. पेटीतल्या तापमान मोजणाऱ्या बोर्डाची स्वतःची एक नोंद असते. ती बघूनबाईने मागवून तपासली होती. त्यात आकडा पायरी पायरीने स्पष्ट उतरला होता: साडेछत्तीस, छत्तीस, साडेपस्तीस. म्हणजे यंत्राने बरोबर मोजलं होतं. तिने अहवालात तसंच लिहिलं. त्यातून रुग्णालयाने जे समजायचं ते समजून घेतलं, की सिस्टरने पेटीकडे न बघताच आकडे भरले.

“शुक्रवारी चौकशी आहे,” सिस्टर म्हणाली. “खोट्या नोंदीला ताकीद देऊन सोडत नाहीत, मॅडम. परवाना जातो. सत्तावीस वर्षं झाली मला. मी पेटीकडे बघत होते. डोळ्यांत तेल घालून बघत होते. पडद्यावर तेच होतं.”

बघूनबाई एवढंच म्हणाली, “मी येते.”

मंगळवारी दुपारी ती वॉर्डात पोचली. सिस्टर उंच, थोडी वाकलेली, चष्मा दोरीला बांधलेला. दोघी रिकाम्या पेटीजवळ उभ्या राहिल्या. ही तीच पेटी, पिन घट्ट करून कोपऱ्यात ठेवलेली. बघूनबाईने लॅपटॉपची तार पेटीला जोडली, म्हणजे आत काय चाललंय त्याची ओळन् ओळ तिला दिसणार. मग चकती कोमट पाण्याच्या ग्लासात बुडवली. पडद्यावर सदतीस आले. गार पाण्यात बुडवली, आकडा सरसर उतरला. पुन्हा कोमट, पुन्हा गार. अकरा वेळा केलं. पेटीने एकदाही चूक केली नाही, आणि भोंगाही दर वेळी शहाण्यासारखा वाजला.

सिस्टर हाताची घडी घालून बघत होती. “झालं का खेळून?”

“बरोबर दाखवतेय हो.”

“दाखवणारच. पाहुणे आले की कार्टी कशी गुणी होतात, तसं चाललंय तिचं. तुम्ही ते डबडं लावलंय, सारखी बटणं दाबताय, पाणी ओतताय. आमच्याकडे दुपारी दोन ते चार काय असतं माहितीये? काही नाही. बाळं झोपलेली, दिवे कमी, कुणी पेटीला हात लावत नाही. मग पंधरा मिनिटांनी पडदा मंद होतो आणि नुसता मोठा आकडा उरतो.”

“ते मीच केलंय,” बघूनबाई पुटपुटली. “बाळांच्या डोळ्यांवर उजेड नको म्हणून.”

“चांगलं केलंत. आता तार काढा आणि गप्प बसा माझ्यासारखं.”

तिने तार काढली. चकती कोमट पाण्यात ठेवली, पाणी गार होऊ नये म्हणून ग्लासाला टॉवेल गुंडाळला, आणि दोघी दोन स्टुलांवर बसल्या. पडद्यावर हिरवी आलेखाची रेघ सरकत होती. पंधरा मिनिटांनी रेघ गेली, पडदा मंद झाला, आणि राखी रंगाचा एकच मोठा आकडा उरला: ३६.८. आणखी पाच मिनिटं त्या बसल्या. मग बघूनबाईने पडद्याला धक्का न लागू देता, हळूच, चकती उचलून नळाच्या गार पाण्यात टाकली.

३६.८.

तिने घड्याळात बघितलं. एक मिनिट. तीन मिनिटं. पाण्यात बोट घातलं, गारच होतं. ३६.८. भोंगा गप्प. दहा मिनिटं झाली, तरी पेटी आपली शांतपणे सांगतच होती की बाळ छान आहे.

सिस्टरने पुढे होऊन पडद्यावर एक बोट टेकवलं. पडदा उजळला, हिरवी रेघ धावू लागली, आणि आकडा धाडकन बावीसवर आला. त्याबरोबर भोंगा असा किंचाळला की शेजारच्या पेटीतलं बाळ दचकून रडायला लागलं.

“त्या दिवशी हेच,” बाळाला थोपटत सिस्टर म्हणाली. “हात लावला आणि मग खरं बोलायला लागली. कुणाला सांगू?”

परत येऊन बघूनबाईने दार लोटून घेतलं आणि स्वतःचंच जुनं काम उघडलं. शोधायला फार वेळ लागला नाही. कुठे पाणी मुरतंय हे तिला वॉर्डातच कळलं होतं, फक्त बघायचं राहिलं होतं.

पेटीत जे जे भाग असतात, त्यांचे खरे पत्ते चिप बनवतानाच पक्के झालेले असतात. मोजणाऱ्या बोर्डाचा कप्पा अमुक ठिकाणी, पडद्याची जागा तमुक ठिकाणी. पण आतला मुख्य कारभारी, ज्याला कर्नल म्हणतात, तो या खऱ्या पत्त्यांवर थेट जात नाही. त्याचे स्वतःचे मानलेले पत्ते असतात, आणि कुठला मानलेला पत्ता म्हणजे कुठली खरी जागा, याचा तक्ता असतो. नवा भाग जोडायचा म्हणजे त्या तक्त्यात त्याची ओळ घालायची, आणि ओळीबरोबर एक शेरा द्यायचा: इथे जे मिळेल त्याची नक्कल हाताशी ठेवली तर चालेल, की दर वेळी प्रत्यक्ष जाऊन बघायचं?

साध्या मेमरीला नक्कल चालते. तिथे कारभाऱ्याशिवाय कुणी हात घालत नाही, मग काल ठेवलेलं आज तेच असणार. पण मोजणाऱ्या बोर्डाचं तसं नाही. त्याच्या कप्प्यातला आकडा तो स्वतः बदलतो, कुणाला न सांगता. तिथे दर वेळी जावंच लागतं. हे तिला कुणी शिकवायला नको होतं. नव्या लोकांना ती स्वतः शिकवायची.

दोन वर्षांपूर्वी पडद्यावरची हिरवी रेघ अडखळत होती. साहेब रोज येऊन विचारत होते. तेव्हा तिने तक्त्यात ओळी घालणारी एक छोटी युक्ती लिहिली: पडद्यावरचं चित्र आधी नकलेत रंगवायचं आणि पूर्ण झालं की एकदम पाठवायचं. रेघ लोण्यासारखी सरकायला लागली. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. आणि त्याच आठवड्यात, दोन ठिकाणी दोन गोष्टी कशाला लिहा म्हणून, तिने मोजणाऱ्या बोर्डाची ओळही त्याच युक्तीतून घातली. नक्कल चालेल, असा शेरा आपोआप तिलाही लागला.

नकलांची फळी लहान असते. हिरवी रेघ धावत असली की चित्रांची गर्दी जुन्या नकला ढकलून देते, मग कारभाऱ्याला उठून खऱ्या कप्प्यापर्यंत जावं लागतं आणि आकडा खरा येतो. लॅपटॉप जोडला की तीच गर्दी. कारखान्यात तर दिवसभर गर्दीच. पण पडदा मंद झाला, रेघ थांबली, की फळीवरची ती एक नक्कल जागची हलत नाही. कारभारी दर सेकंदाला विचारतो, आणि फळीकडे बघूनच उत्तर घेतो. भोंगाही त्याच उत्तरावर विसंबून.

ओळीशेजारी तारीख होती, आणि तिची आद्याक्षरं.

न पाहता सांगणारी पेटी तिने बनवली होती. आणि त्या पेटीबद्दल न पाहता सांगणारा अहवालही तिनेच लिहिला होता.

साहेब वाईट माणूस नव्हते. बुधवारी सकाळी त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कपाळ चोळलं आणि विचारलं, “दुरुस्तीला किती वेळ?”

“ओळ एक आहे. तपासायला दोन दिवस.”

“मग झालं की. आजच सगळ्या वॉर्डांना कळवा, दर तासाला हाताच्या थर्मामीटरनेही बघा म्हणावं. खबरदारी म्हणून. पडदा मंद करणं बंद ठेवा. पुढच्या आठवड्यात दुरुस्ती पाठवू, नेहमीची सुधारणा म्हणून.”

“आणि शुक्रवार?”

साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. “शुक्रवारची चौकशी त्यांच्या कर्मचाऱ्याची आहे. आपल्याला कुणी बोलावलेलं नाही. तुम्ही खोटं काहीच लिहिलं नाहीत. सेन्सरने बरोबर मोजलं, हे खरंच आहे ना?”

“खरं आहे.”

“मग? उगाच ओढवून कशाला घ्यायचं? बाहेर गेलं तर पहिला प्रश्न येईल, हे कुणी लिहिलं. मी तुमच्यावर पांघरूण घालतोय, बाई. ते काढून टाकू नका.”

तिने लगेच एकेका वॉर्डाला फोन केले. एकशे चाळीस पेट्या, एकतीस वॉर्ड. बुधवार त्यातच गेला. प्रत्येकाने विचारलं, “का हो, काही झालंय का?” आणि प्रत्येकाला तिने सांगितलं, “आकडा अडकू शकतो. मी बघितलंय.” हे सांगायचं ठरलं नव्हतं. पण विचारल्यावर दुसरं काय सांगणार?

गुरुवारी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या. तिने शेजारी बसून एक जुडी ओढून घेतली आणि सांगून टाकलं. कर्नल, पत्ते, फळी, सगळं. सासूबाईंना त्यातलं किती कळलं कोण जाणे.

“म्हणजे,” त्या म्हणाल्या, “यांच्यासारखंच. मी रोज विचारते, गॅस बंद केलात का? हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, केला. सकाळी केलेला असतो!”

“मी काय नेहमी तसं करतो?” बाहेरच्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज आला.

“बघून या आधी!”

खुर्ची कुरकुरली, पावलं स्वयंपाकघराकडे गेली, आणि तिथून गॅसचं बटण फिरवल्याचा खट्ट आवाज आला. सासूबाईंनी विजयी नजरेने सुनेकडे बघितलं. मग त्यांचा चेहरा उतरला.

“ती बाई काय करते गं घरी? कोण आहे तिला?”

“माहीत नाही. विचारलं नाही.”

“नोकरी गेली तर तुला दुसरी मिळेल?”

“कदाचित. सांगता येत नाही.”

“आणि तिला?”

बघूनबाई देठ खुडत राहिली. परवाना गेला की कुठल्याच वॉर्डात उभं राहता येत नाही, हे तिला सिस्टरने सांगितलं होतं.

“साहेब म्हणतात, मी खोटं काही लिहिलं नाही.”

“नसशील लिहिलंस,” सासूबाई म्हणाल्या. “पण अर्धं ताट वाढून जेवण झालं म्हणतेस, त्याचं काय?” आणि निवडलेली भाजी उचलून आत गेल्या.

शुक्रवारी सकाळी हात जोडून उभी राहिल्यावर तिला नेमाचे शब्द उच्चारायचा धीर होईना. तरी उच्चारले. मग पिशवीत एक थर्मास कोमट पाण्याचा आणि एक थंड पाण्याची बाटली घेतली, दोन ग्लास घेतले, आणि कारखान्याऐवजी रुग्णालयात गेली.

चौकशीची खोली लहान होती. लांब टेबलापलीकडे अधीक्षक आणि आणखी दोघे, अलीकडे सिस्टर एकटी, मांडीवर तिचा तो आठ आकड्यांचा कागद. बघूनबाईने दारातच सांगितलं, की अहवाल माझा आहे, आणि तो अपुरा आहे, मला पेटी इथे आणून दाखवायची आहे. अधीक्षक घड्याळाकडे बघत म्हणाले, “किती वेळ लागेल?”

“पस्तीस मिनिटं. आणि त्यातली वीस मिनिटं कुणी बोलायचं नाही, पेटीला हात लावायचा नाही.”

“वीस मिनिटं?” एकजण हसला. “इथे दोन मिनिटं कुणी गप्प बसत नाही.”

पण बसले. पेटी ढकलत आणली, चकती कोमट पाण्यात, पडदा उजळ. चार मोठी माणसं एका रिकाम्या पेटीसमोर शाळेतल्या मुलांसारखी गप्प बसली. पडदा मंद झाला. ३६.६ आला, आणि कागदावरच्या आकड्याशी तो नेमका जुळला हा निव्वळ योगायोग, पण सिस्टरने डोळे मिटून घेतले. बघूनबाईने चकती थंड पाण्यात घातली आणि ग्लास अधीक्षकांपुढे सरकवला.

“बोट घालून बघा.”

त्यांनी घातलं. “थंड आहे.”

“पडद्यावर किती?”

“छत्तीस पूर्णांक सहा.”

“पाच मिनिटांनी पुन्हा सांगा.”

पाच मिनिटांनी त्यांनी तेच सांगितलं. तिच्या विनंतीवरून त्यांनी ते कागदावरही लिहिलं. आणखी पाच मिनिटांनी पुन्हा तेच लिहिलं, आणि पेन खाली ठेवून सिस्टरचा कागद मागून आपल्या कागदाशेजारी ठेवला. त्यांच्या हातचा कागद आणि सिस्टरचा कागद यांत फरक काहीच नव्हता.

“हे कुणाच्या चुकीमुळे?” त्यांनी विचारलं.

“माझ्या. ती ओळ मी लिहिली आहे. तारीख आणि नाव तिथे आहे, मी छापून आणलंय. आणि अहवाल लिहिताना मी बोर्डाची नोंद बघितली, पडदा नाही बघितला. सिस्टर पडदा बघत होत्या. त्यांना जे दिसलं तेच त्यांनी लिहिलं.”

बाकीचं लवकर आटपलं. अधीक्षकांनी चौकशी तिथेच बंद केली, तसं लिहून सही केली, आणि सिस्टरला म्हणाले की आजच्या पाळीला तुम्ही हजर राहा. कारखान्याला वेगळं पत्र जाईल, हेही म्हणाले. बघूनबाईने मान हलवली.

बाहेर व्हरांड्यात सिस्टर पाणी पीत उभी होती. तिने तोंड पुसलं, चष्मा दोरीवर सोडला आणि एकदम म्हणाली, “तुमच्या साहेबांना माहीत आहे, तुम्ही इथे आलात ते?”

“आता कळलं असेल. सकाळपासून चार फोन आलेत त्यांचे. घेतले नाहीत.”

“काढतील?”

“न बघता कसं सांगू?”

सिस्टर हसली. मग बघूनबाईच्या हातातली थंड पाण्याची बाटली घेऊन रिकाम्या ग्लासांसकट पिशवीत नीट भरून दिली, पिशवीचे बंद बांधले, आणि आपल्या वॉर्डाकडे निघून गेली. बघूनबाईने खिशातून फोन काढला. पाचव्यांदा वाजत होता. तिने तो कानाला लावला.